आर्नोकाठची छत्री आणि मेन राजारामची पोरं

गणपती गेलेत आणि घट अजून बसायचेत, अशा मधल्या दिवसांत परदेशी जायचं म्हटल्यावर घरातून पहिला प्रश्न आला, "पक्षपंधरवड्यात?" पण तिकीट परवडलं ते याच दिवसांत. जाताना मुंबई ते फ्रांकफुर्ट, येताना मिलान ते मुंबई, दोन्हीकडं आखातात विमान बदलायचं, आणि सगळं मिळून ४६ हजार. शेंगेन व्हिसाची फी ९० युरो. प्रवासी विमा किमान ३० हजार युरोंचा लागतोच. राहता राहिला मुक्कामाचा आणि गावोगाव फिरण्याचा खर्च. मुक्कामाला दोस्त होते.

दोस्त म्हणजे कोल्हापूरच्या मेन राजाराम हायस्कूलमधले, एका बाकावरचे. दाद्या स्टुटगार्टला गाड्यांच्या सुट्या भागांचं डिझाइन करतो, बापू म्युनिकला सॉफ्टवेअरमध्ये आहे. फोन होतात, पण फोनवर माणूस "बरं चाललंय" याच्या पुढं जात नाही. दाद्याचे वडील २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत गेले, तेव्हा त्याला येता आलं नाही. पंचगंगेकाठचं सगळं त्यानं भावाच्या मोबाइलवर पाहिलं. त्यानंतर तो कोल्हापूरला आलेलाच नाही. मला त्याला भेटायचं होतं, आणि तिघांनी मिळून इटलीतल्या फ्लॉरेन्सला जायचं होतं. ज्यांच्या नावाच्या शाळेत शिकलो त्या कोल्हापूरच्या राजाराम महाराजांचं स्मारक, म्हणजे छत्री, तिथं आर्नो नदीच्या काठी आहे. युरोपात इतकी वर्षं राहून या दोघांनी ते पाहिलेलं नव्हतं.

बेत आखताना एक गोष्ट धरली होती. ज्या गाडीत दोस्त शेजारी बसू शकेल, तीच गाडी घ्यायची. मग ती कितीही हळू जाऊ दे.

सोमवार, ८ सप्टेंबर २०२५. कोल्हापूर

मिरवणुकीचा गुलाल अजून रस्त्यावर होता. दुपारी शिवाजी पेठेत दाद्याच्या घरी गेलो. काकूंनी पेढ्यांचा पुडा काढून ठेवलेला. युरोपात बाहेरून दूधदुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, हे त्यांना समजावून सांगणं जिवावर आलं. "पेढ्यानं कुणाचं काय बिघडतंय रे?" म्हणाल्या, आणि पुडा माझ्याच हातात दिला, तू खा म्हणून. त्याच्या बदल्यात कांदा-लसूण चटणी, भडंग आणि गुळाची लहान ढेप दिली. चटणीची पिशवी त्यांनी तीन पदरी बांधली, प्रत्येक पदराला वेगळी गाठ. रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस.

मंगळवार, मुंबई

विमानतळावर वेळ काढला, बाकी सांगण्यासारखं काही नाही. घरून नेलेली धपाटी रात्रीपर्यंत पुरली.

बुधवार, फ्रांकफुर्ट ते स्टुटगार्ट

जर्मनीत कमी पैशांत फिरायचं असेल तर डॉइचलांड-तिकीट समजून घ्यायला हवं. २०२५ मध्ये ते महिन्याला ५८ युरोंना होतं, आणि त्यात देशभरातल्या सगळ्या प्रादेशिक गाड्या, शहरातल्या लोकल, ट्राम, बस. आयसीईसारख्या वेगवान गाड्या मात्र त्यात नाहीत. हे तिकीट दरमहा आपोआप पुढं चालू राहणारं आहे, त्यामुळं एकाच महिन्यापुरतं हवं असेल तर त्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द करावं लागतं. महिना संपेपर्यंत ते चालतंच. दाद्यानं मला ऑगस्टमध्येच काढायला लावलं होतं आणि लगेच रद्दही करून ठेवायला सांगितलं होतं.

विमानतळावरून आयसीईनं स्टुटगार्ट सव्वा तासाच्या आसपास येतं. मी मानहाइम, हायडेलबर्ग असं गाड्या बदलत गेलो, चार तास लागले. नव्या माणसाला हे जमतं. फलाट क्रमांक, वेळ, पुढची जोडगाडी, सगळं मोबाइलवर दिसतं. एखादी गाडी उशिरा आली तरी तिकीट ठरावीक गाडीचं नसल्यानं पुढच्या गाडीत बसायचं.

स्टुटगार्ट स्थानकाचं खोदकाम २०१० पासून चालू आहे. फलाटावरून शहरात यायला पत्र्यांच्या भिंतींमधून भलं मोठं वळण घेऊन चालावं लागतं. त्या वळणाच्या तोंडाशी दाद्या उभा होता. केस पांढरे झालेत. "आलास व्हय लेका," एवढं म्हणाला आणि पाठीवरची सॅक ओढून घेतली. घरी जाईपर्यंत आम्ही दोघंही फारसं बोललो नाही.

गुरुवार, शुक्रवार. स्टुटगार्ट

दाद्या दिवसभर ऑफिसात. मी शहर पायी फिरलो. टेकड्यांच्या उतारावर, घरांना लागून द्राक्षमळे आहेत, ते फार आवडलं. स्टुटगार्ट आणि मुंबई ही १९६८ पासून जोडशहरं आहेत. बाहेर जेवलो तर एका वेळेला सहज पंधरा युरो जातात, म्हणून तिथल्या सुपरमार्केटमधून कांदे, बटाटे, अंडी आणली आणि संध्याकाळी आम्ही घरीच रांधलं.

शुक्रवारी रात्री दाद्यानं काकूंची पिशवी उघडली. आधी नुसतीच हातात धरून बसला. मग गाठी सोडवायला लागला. कात्री समोर होती, पण त्यानं नखानं एकेक गाठ सोडवली, दोरा गुंडाळून ठेवला. चटणीचा वास खोलीभर पसरला. भाकरी नव्हती, राईच्या काळ्या पावाला तेल लावून त्यावर चटणी घेतली. "आईनं तिखट कमी घातलंय," म्हणाला. काकूंनी खरंच कमी घातलं होतं. तिकडं त्याला आता सोसणार नाही, असं त्यांनी मला सांगितलं होतं. ते मी त्याला सांगितलं. यावर तो बराच वेळ काही बोलला नाही.

शनिवार, स्टुटगार्ट ते म्युनिक

या प्रवासातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा तुकडा हा. वेगवान गाडीनं हे अंतर सव्वादोन तासांचं आहे. दाद्याकडं डॉइचलांड-तिकीट आधीपासूनच होतं, ऑफिसला जायला तो तेच वापरतो. म्हणजे आम्हा दोघांना या प्रवासाचा वेगळा एक सेंटही खर्च नव्हता. उल्मपर्यंत एक गाडी, तिथून म्युनिकला दुसरी, मिळून चार तास.

गाइसलिंगनच्या पुढं गाडी घाट चढते. १८५० मध्ये पुरा झालेला हा चढाचा रेल्वेमार्ग. २०२२ च्या अखेरीपासून वेगवान गाड्या नव्या मार्गानं बोगद्यांतून जातात, प्रादेशिक गाड्या अजून या घाटानं जातात. गाडीचा वेग पडला, खिडकीला झाडी लागली, खाली गाव लहान होत गेलं. आणि तिथं दाद्या बोलायला लागला.

वडिलांबद्दल बोलला. लहानपणी त्याला खांद्यावर बसवून खासबागेत कुस्त्या बघायला न्यायचे, ते मलाही माहीत होतं. माहीत नव्हतं ते पुढचं. ते गेले त्या दिवशी स्टुटगार्टमध्ये दाद्याची ऑनलाइन मीटिंग होती आणि ती त्यानं पूर्ण केली. एका खिडकीत मीटिंग, हातातल्या फोनवर पंचगंगेचा घाट. कॅमेरा बंद केला, पण उठला नाही, कारण उठून जायचं कुठं हेच कळत नव्हतं. भावानं तिकडं सगळं रीतीनं केलं. "त्यानं केलं, मी बघितलं," एवढंच तो दोन-तीनदा म्हणाला. दर वर्षी तिकीट बघतो आणि काढत नाही. कारण घरात शिरल्यावर ती खुर्ची रिकामी दिसणार.

मी काही सल्ला दिला नाही. ऐकलं. सव्वादोन तासांच्या गाडीत हे निघालं असतं का, मला शंका आहे. त्या गाडीत माणूस लॅपटॉप उघडतो आणि लगेच उतरायची वेळ होते. उल्मला गाडी बदलताना मध्ये अर्धा तास होता. बाहेर येऊन चर्चचं ते १६१ मीटर उंचीचं शिखर मान वर करून पाहिलं, कॉफी घेतली, पुन्हा बसलो.

म्युनिकला बापू, वहिनी आणि त्यांची सहा वर्षांची मुलगी स्थानकावर आलेली. बापूनं दाद्याला बघून जी आरोळी ठोकली ती थेट रंकाळ्यावरची होती. आजूबाजूचे लोक दचकून बघायला लागले. या दोघांमध्ये चार तासांचंच अंतर, आणि तरी ते गेली दोन वर्षं भेटलेले नव्हते. याचं मला वाईट वाटलं. लांबून कुणीतरी आल्याशिवाय जवळची माणसं भेटत नाहीत, हे कोल्हापुरातही तसंच आहे.

रविवार ते गुरुवार, म्युनिक

दाद्या रविवारी परतला, शुक्रवारी पुन्हा यायच्या बोलीवर. बापू कामावर गेला की मी बाहेर. डॉइचलांड-तिकिटावर प्रादेशिक गाडीनं सीमेपलीकडच्या ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गपर्यंत जाता येतं, तेवढी सवलत त्यात आहे. एक दिवस तिकडं, एक दिवस फ्युसेनला. दोन्हीकडं डबा घेऊन गेलो. वहिनी रोज सकाळी पोळीभाजी बांधून देत होत्या. नको म्हटलं तर म्हणाल्या, "भाऊजी, माझ्या डब्याबरोबरच होतो तुमचा."

तेरेसिएनवीज मैदानावर ऑक्टोबरफेस्टचे मोठाले मंडप उभे राहत होते. उत्सव २० तारखेला सुरू व्हायचा होता आणि त्या दिवसापासून शहरातल्या हॉस्टेलांचे दर मला पेलणारे नव्हते. म्युनिक स्वस्तात करायचं तर सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात उरकावं, असं मी ठामपणे सांगेन.

शुक्रवार रात्र, म्युनिक ते फ्लॉरेन्स

हॅकरब्र्यूकेजवळच्या बसस्थानकावरून फ्लिक्सबस, माणशी ४१ युरो. सगळं जग म्युनिककडं येत होतं आणि आम्ही तिथून निघालो होतो, त्यामुळं बस अर्धी रिकामी. रात्रीची बस म्हणजे एका मुक्कामाचा खर्च वाचतो, हा हिशेब आपल्या एसटीच्या रातराणीनं सगळ्यांनाच शिकवलाय. वहिनींनी दशम्या दिल्या होत्या आणि एका छोट्या डबीत काळे तीळ. ते कशासाठी, हे त्यांनी सांगितलं नाही आणि दाद्यानं विचारलं नाही. डबी त्यानं शर्टाच्या खिशात ठेवली.

इन्सब्रुक गेलं, मग ब्रेनरची खिंड, १,३७० मीटर उंचीवर. तिथं पासपोर्ट बघायला पोलीस चढले. बापू तेवढ्यापुरता जागा झाला. आम्ही दोघं रात्रभर बोलत होतो.

शनिवार, फ्लॉरेन्स

बस शहरात जात नाही. महामार्गालाच लागून विला कोस्तांझा नावाचा थांबा आहे, तिथं उतरायचं आणि तिथूनच सुटणाऱ्या टी-१ ट्रामनं वीस-पंचवीस मिनिटांत शहर. तिकीट १.७० युरो, दीड तास चालतं. चढल्या चढल्या ते यंत्रात नोंदवायचं.

हॉस्टेलात तीन खाटा, माणशी ३८ युरो, वर शहराचा कर. उफिझी या चित्रसंग्रहालयाचं तिकीट २५ युरो. यावर तिघांत चर्चा झाली आणि आम्ही ते पैसे ठेवून चौक, पूल आणि गल्ल्या पाहिल्या. चित्रकलेची ओढ असणाऱ्यानं उफिझी सोडू नये. आमची ओढ दुसरीकडं होती. पोन्ते वेक्कियो या जुन्या पुलावर दोन्ही बाजूंनी सराफांची चिमुकली दुकानं आहेत, थेट आपल्या गुजरीसारखी, फक्त खालून नदी वाहते.

सांता क्रोचे चर्चच्या परिसरात भिंतींवर माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर लहान पाट्या लावलेल्या दिसतात. ४ नोव्हेंबर १९६६ ला आर्नोचं पाणी इथवर आलं होतं, असं सांगणाऱ्या. बापू एका पाटीखाली उभा राहिला आणि हात वर करून बघितला, हात पोचला नाही. २०१९ च्या महापुरात आमच्या गल्लीत पाणी कुठवर होतं ते मी सांगितलं, २०२१ चं सांगितलं. आपल्याकडंही अशा पाट्या घरोघरी लागायला हव्यात. पाणी ओसरलं की रेषा पुसली जाते आणि पुढच्या वर्षी त्याच जागी बांधकाम उभं राहतं.

रविवार, २१ सप्टेंबर. सर्वपित्री अमावास्या

सकाळी टी-१ ट्रामनं कास्चिने बागेच्या थांब्यावर उतरलो. ही बाग नदीच्या कडेकडेनं साडेतीन किलोमीटर लांब आहे आणि स्मारक तिच्या अगदी पश्चिम टोकाला. झाडांखालून चालत गेलो. सायकलवाले, धावणारे, कुत्री फिरवणारे. बापूला वाटेत मी महाराजांची हकीकत सांगत होतो.

राजाराम महाराज १८५० मध्ये जन्मले आणि १८६६ मध्ये गादीवर आले. १८७० मध्ये विलायतेला गेले, राणी व्हिक्टोरियाला भेटले, रोजनिशी लिहीत होते. ती पुढं १८७२ मध्ये कॅप्टन वेस्ट यांनी इंग्रजीत छापली. परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्समध्ये आजारी पडून ३० नोव्हेंबर १८७० ला गेले. वय वीस. त्या वेळी फ्लॉरेन्स ही इटलीची राजधानी होती आणि तिथं दहनाची रीतच नव्हती. खास परवानगी काढावी लागली. सोबतच्या मंडळींनी दहनासाठी संगम शोधला. मुन्योने नावाची लहान नदी जिथं आर्नोला मिळते, ती ही जागा.

झाडी संपली आणि छत्री दिसली. चार खांब, वर घुमट, खाली महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा, डोक्याला फेटा, गळ्यात दागिने, भोवती लोखंडी कठडा. १८७४ चं काम. पुतळा फुलर नावाच्या इंग्रज शिल्पकाराचा, छत्री मेजर चार्ल्स मॅन्ट यांची. हे नाव कोल्हापूरकरांना परकं नाही. टाउन हॉल त्यांचा आणि न्यू पॅलेसही त्यांचाच. बापू छत्रीकडं बघून म्हणाला, "टाउन हॉलच्या बागेत आल्यागत वाटतंय रे." मलाही तसंच वाटत होतं. पलीकडं नदीवर १९७८ मध्ये पुरा झालेला मोठा पूल आहे, त्यालाही या स्मारकावरूनच नाव मिळालंय. रोज हजारो गाड्या आपल्या महाराजांच्या नावावरून जातात.

पुतळ्याचा चेहरा अगदी पोरसवदा आहे. वीस वर्षांचं पोर, घरापासून इतकं लांब. सोबतच्या माणसांनी परक्या गावात, ऐन थंडीत, अनोळखी कायद्यातून वाट काढून त्याला संगमावर आणलं. शाळेत त्यांचं नाव रोज उच्चारलं, पण हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. मेन राजारामच्या प्रत्येक पोराला ही हकीकत माहीत असायला हवी. आठवीच्या वर्गात एक तास त्यासाठी द्यावा, इतकं माझं मागणं आहे.

दाद्या काही न बोलता खाली पाण्याकडं गेला. बूट काढून काठाशी बसला. पाण्याच्या बाटलीचं झाकण ओंजळीत धरून त्यात तीळ घेतले, आर्नोचं पाणी घेतलं आणि अंगठ्याकडून सोडलं. मंत्र त्याला येत नव्हते. वडिलांचं नाव, आजोबांचं नाव, पणजोबांचं नाव एवढं मोठ्यानं घेतलं. पणजोबांच्या नावाशी अडला, तेव्हा भावाला फोन लावला. कोल्हापुरात दुपार होती, तिथं पान वाढून झालं होतं. भावानं नाव सांगितलं. मग पलीकडून काकूंचा आवाज आला, "कुठं आहेस?" दाद्या म्हणाला, "संगमावर हाय आई." त्यांना वाटलं कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीच्या. तो रडला आणि हसलाही. नंतर आम्ही तिघांनी तिथंच गवतावर बसून दशम्या खाल्ल्या. फार भूक लागली होती.

परत चालताना दाद्यानं मोबाइल काढला आणि डिसेंबरचं तिकीट काढलं. कोल्हापूरला पुढं कसं यायचं यावर बापूनं त्याच्याशी ट्रामच्या थांब्यापर्यंत वाद घातला, पुण्यावरून यावं की मुंबईहून.

सोमवार, फ्लॉरेन्स ते मिलान

ते दोघं पहाटेच्या बसनं उत्तरेकडं गेले. मी मिलानची बस धरली, १५ युरो, चार तास, लांपुन्यानोला उतरून मेट्रोनं मुख्य स्थानक, तिथून माल्पेन्सा विमानतळाची बस १० युरो. मिलान पाहिलं नाही. घरी घट बसले होते, आईनं फोटो पाठवला होता.

विमानतळावर बसून हिशेब जुळवला. विमान आणि व्हिसा सोडून सगळं फिरणं, खाणं, फ्लॉरेन्सचा मुक्काम धरून ३३० युरो. त्यात मित्रांच्या घरच्या मुक्कामाचे आणि वहिनींच्या डब्यांचे पैसे धरलेले नाहीत, ते धरताही येणार नाहीत. फ्लॉरेन्सच्या खाटेचे बापूनं भरले होते आणि परत घेतले नाहीत. त्या पैशांतून त्याच्या पोरीला चपला करायच्या ठरल्यात. कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलीनं काढलेलं माप पासपोर्टात घडी घालून आणलंय. सुभाषनगरात कारागिराकडं लगेच टाकायला हवं, डिसेंबरात दाद्या आला की त्याच्याच हाती पाठवता येतील. पाऊल वाढतं म्हणून वहिनींनी अर्धा बोटभर माप जास्त ठेवायला सांगितलंय.